कोबाल्ट बोराइड उत्प्रेरक

सोडियम बोरोहायड्राइड व पाणी यांच्या विक्रियेतून हायड्रोजन मोकळा करणारे स्वस्त काळे चूर्ण. बोरोहायड्राइडच्या वजनात सुमारे 10.6% हायड्रोजन असतो. पाणीही आपला वाटा देते, म्हणून बोरोहायड्राइडच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे चार रेणू सुटतात. कॉस्टिक सोडा घातलेले बोरोहायड्राइडचे द्रावण शांत राहते, उत्प्रेरक लागताच फसफसते.

रुथेनियम धातू हे काम झपाट्याने करते, पण किंमत डोळे पांढरे करणारी! रसायनशास्त्रज्ञ श्लेसिंगर, हर्बर्ट ब्राउन व सहकाऱ्यांनी 1953 मध्येच कोबाल्ट क्लोराइडचा उपयोग दाखवला होता. हे लवण द्रावणात पडले की तिथल्या तिथे कोबाल्ट बोराइड तयार होते.

कालांतराने त्यावर विक्रियेतून उरणाऱ्या बोरेटचा थर बसून विक्रिया मंदावते. त्याहून मोठी अडचण बोरेटपासून पुन्हा बोरोहायड्राइड बनवण्याच्या खर्चाची; 2007 मध्ये अमेरिकी ऊर्जा विभागाच्या तज्ज्ञ समितीने मोटारींत हायड्रोजन इंधन साठवण्यासाठी हा मार्ग न स्वीकारण्याची शिफारस केली, त्यात उत्प्रेरकाच्या किमतीपेक्षा हाच मुद्दा जड होता.