जोड आहे का, जोड?

शर्ट काढा. बनियनही काढा. घड्याळ, चष्मा, फोन त्या कोनाड्यात ठेवा, कंदिलाशेजारी. हा लंगोट घ्या आणि कमरेला करकचून आवळा. अजून. श्वास जरा अडला पाहिजे. झालं? आता तुमचं वय पंधरा, वजन जेमतेम पन्नास किलो, कानाच्या पाळ्या अजून मऊ, आणि पहाटेचे साडेतीन वाजलेत.

तुम्ही लातुरात आहात. साठचं दशक संपत आलंय, लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यात आहे. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर या घडीला कुत्रीसुद्धा अंग मुडपून पडलीत; आडतीतल्या मिरचीचा ठसका आणि गुळाचा वास तेवढे जागे. एका रस्त्यामागच्या बोळात ही तालीम. दार बुटकं आहे, वाका. मुद्दाम बुटकं ठेवलंय, आत येणाऱ्यानं मान लववून यावं म्हणून.

आत पाऊल टाकलं की आधी वास भेटतो. तांबडी माती, तिच्यात मुरलेलं ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर, आणि या सगळ्यावर कित्येक वर्षांचा घाम. बाहेर कोस-कोस काळी जमीन पसरलीय. ही तांबडी माती लांबून गाड्या भरून आणलेली आहे. म्हणून हौद्यात उतरण्याआधी वाकून तिला हात लावायचा, कपाळाला लावायचा, मग शेंदरानं माखलेल्या मारुतीपुढं उभं राहायचं. मार्गशीर्षातली थंडी आहे. माती पायाला बर्फासारखी लागते. घाबरू नका, फावडं हातात घ्या. आख्खा हौदा उकरून, पालटून झाला की तुमच्याच अंगातून वाफ निघताना कंदिलाच्या उजेडात दिसेल.

आता बैठका. शंभरापर्यंत मांड्या बोलत नाहीत. दीडशेला बोलतात. दोनशेला ओरडतात. आजूबाजूला वीसेक पोरं एकाच लयीत खाली-वर होतायत, आणि त्या लयीचा हुं-हुं असा आवाज भिंतीवर आपटून परत येतोय. कोपऱ्यातल्या ओट्यावर घोंगडी पांघरून वस्ताद बसलेत. डोळे मिटलेले. झोपलेत असं समजून दोन बैठका चुकवायचा विचार मनात आला ना? करू नका. ते आकडा मोजत नाहीत, ते श्वास ऐकतायत. कोण नाकानं घेतोय, कोणाचं तोंड उघडलं, कोणाचा दम छातीत अडकला आणि कोणाचा पोटात उतरला, हे सगळं त्या मिटलेल्या डोळ्यांमागं नोंदलं जातंय.

‘‘दम लागलालाय का रं?’’

तुम्ही मान हलवून ‘न्हाई’ म्हणता. वस्तादांना कळतं. तुम्हालाही कळतं की त्यांना कळलंय.

मग लढती. इथं रोज तीन जोड्या वाट्याला येतात: एक तुमच्यापेक्षा वरचा, एक बरोबरीचा, एक खालचा. वरच्याकडून पडायला शिकायचं, बरोबरीच्याशी झुंजायचं, खालच्यावर नवा डाव करून बघायचा. तुमचा वरचा म्हणजे अण्णा. अण्णाचा हात मानेवर पडला की उखळात मुसळ पडल्यासारखं वाटतं. तुम्ही पटात शिरायला जाता आणि पुढच्या क्षणाला तोंड मातीत. दातांखाली कचकच, जिभेवर खारट तांबडी चव, पाठीवर ऐंशी किलोचं ओझं. अण्णाचा मोडलेला कान तुमच्या गालाला घासतो, वाळक्या लिंबासारखा टणक. ‘‘ऊठ,’’ तो म्हणतो. ‘‘परत.’’

या अण्णाकडं नीट बघा. तो तेवीस वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी या तालमीतला सगळ्यात चपळ पोरगा तो होता. वस्ताद म्हणाले, अजून एक वर्ष. मग म्हणाले, हाडं अजून ओली आहेत, अजून एक वर्ष. तिसऱ्या वर्षी हाडं वाळली, पण डोळ्यातली धार गेली होती. आता अण्णा लहानांना डाव सांगतो आणि पेरणीच्या वेळी गावी जातो. वस्ताद कधी काही बोलत नाहीत. फक्त अण्णा हौद्यात उतरला की त्यांचे डोळे उघडतात आणि तो बाहेर येईपर्यंत मिटत नाहीत. दुसऱ्या एका पोराला त्यांनी घाईनं वर चढवलं होतं. पोराच्या बापाला इनामाची गरज होती, गावाला हौस होती. भरल्या फडात त्याचा खांदा उतरला. खांदा बसला, पण त्यानंतर समोरच्यानं शड्डू ठोकला की तो पोरगा अर्धं पाऊल मागं सरायचा. त्या अर्ध्या पावलावर जगात कुठलंही औषध नाही. पैलवान घडवण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट डाव शिकवणं नाही, पोराला वर कधी सोडायचं ते ओळखणं आहे, असं मला वाटतं. आणि ते ओळखायला वस्तादापाशी स्वतःच्या दोन चुकांखेरीज दुसरं माप नसतं.

भूक लागली ना? लागणारच. रात्री भिजवलेले हरभरे, वर दूध. दूध घरचं असेल तर तांब्याभर, विकतचं असेल तर पेलाभर. कोणी सुखवस्तू घरचा असेल तर त्याच्यासाठी दगडावर बदाम उगाळतायत, तो गोडसर वास सगळ्या तालमीत फिरतो आणि बाकीची पोरं दुसरीकडं बघतात. तुमची ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, त्यावर घरून आलेलं तूप. आई महिन्याला डबा भरून पाठवते, स्वतः कोरडं खाते. कोणाचं पोर किती वर जाईल, हे बरेचदा हौद्यात ठरत नाही, गोठ्यात ठरतं. वस्तादांना ते माहीत आहे, म्हणून ते स्वतःच्या पेल्यातलं दूध कधीमधी न बोलता तुमच्या पुढ्यात सरकवतात.

रात्री पोरं मातीतच आडवी होतात आणि विषय एकच निघतो, रामलिंग मुदगडच्या बिराजदारांच्या हरिश्चंद्राचा. निलंगा तालुक्यातलं पोर, आपल्यासारखंच ज्वारी खाल्लेलं, थेट कोल्हापूरला जाऊन मोठमोठ्यांच्या पाठी टेकवतंय म्हणे. अंधारात कोणीतरी सुस्कारा सोडतो. तो तुम्हीच असता.

कारण तुमच्यापाशी ढाक हा डाव आहे. मनगट पकडायचं, काखेत शिरायचं, आणि समोरचा हवेत. या वर्षात बरोबरीच्या एकानंही तुमचा ढाक सोसलेला नाही. वस्ताद मात्र चार महिने तुमच्याकडून पट काढून घेतायत, कब्जा करून घेतायत, घिस्सा मारून घेतायत, आणि ढाक लावला की काठी आपटतायत. का, ते सांगत नाहीत. राग येतो? येऊ द्या, गिळा.

आली येळवस, मार्गशीर्षातली अमावास्या. सगळ्या तालमीला एका शेतकऱ्यानं रानात जेवायला बोलावलंय. कडब्याची कोप, आत पूजलेले पाच दगडी पांडव, मडक्यात आंबट गार आंबील, आणि भज्जी! वालाचे, तुरीचे कोवळे दाणे, हरभरा, पालेभाजी, सगळं एकत्र शिजून झालेला तो हिरवट वाफाळता ऐवज. सोबत बाजरीचे उंडे. तिसरा उंडा उचलायला हात पुढं होतो आणि वस्तादांची काठी हलकेच मनगटावर टेकते. परवा माळेगावची जत्रा आहे.

माळेगावला ट्रकच्या हौद्यात उभं राहून जायचं. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, वाऱ्यानं कान बधिर झाले, आणि मग लांबूनच आवाज येऊ लागतो. आधी नुसती गुणगुण, मग तिच्यातून सुटी सुटी हलगी. खंडोबाची जत्रा! घोड्यांच्या रांगा, गाढवांचा बाजार, उंट, बैल, लीद आणि ओलं गवत, तळणीतल्या भज्यांचा धूर, घोंगड्यांचे ढीग, आणि या सगळ्यावरून उडणारा भंडारा. पापण्यांवर पिवळं, ओठांवर पिवळं, थुंकी गिळली तर घशात हळदीची कडवट चव. ‘येळकोट येळकोट, जय मल्हार!’ पाठीमागून रेटा येतो तेव्हा तुमचे पाय जमिनीवर नसतात. वस्तादांचं मनगट सोडू नका.

कुस्त्यांचा फड म्हणजे माणसांची भिंत. पुढचे मांडी घालून, मागचे उकिडवे, त्यामागचे उभे, त्यामागं बैलगाड्यांवर, त्यावर लिंबाच्या फांद्यांवर. आधी चिमुरड्यांच्या कुस्त्या, नारळावर आणि रेवड्यांवर. मग एक रुपया. मग दोन. गेल्या वर्षी तुम्ही दोनवर लढला होता, यंदा वस्तादांनी मनात पाच धरलेत. ते तुमचा हात धरून वर करतात आणि फडाच्या कडेकडेनं फिरवू लागतात.

‘‘जोड आहे का, जोड?’’

हजारो डोळे अंगावरून फिरतायत. कोणी मांडी बघतो, कोणी मान, कोणी कान. बैलबाजारात बैलाला कसं वाटत असेल ते आता तुम्हाला कळतं, पण लाज वाटत नाही. छाती आपोआप पुढं येते. हलगी पोटात वाजतेय.

तेवढ्यात फेटेवाले एक पंच आडवे येतात. पंचवीसवर लढणाऱ्या एका पैलवानाचा जोडीदार आलेलाच नाही. तो पैलवान मधोमध उभा आहे. एकोणीस-वीस वर्षांचा, दोन्ही कान मोडलेले, मान आणि डोकं एकाच रुंदीचं. ‘‘लावायची का? पोरगं तयार दिसतंय.’’

पंचवीस रुपये. कितीतरी दिवसांचं दूध. गर्दीतून कोणीतरी ‘‘लावा!’’ ओरडतो, मग दहा जण, मग सगळी बाजू. त्या आवाजात एक आवाज ओळखीचा आहे. वडील आलेत, हात वर करून तेही ओरडतायत. तुमच्या अंगात वीज भरलीय. एकदा मनगट हातात येऊ दे फक्त.

वस्ताद तुमच्या मानेवर मागून हात ठेवतात. दाबतात. मग समोरच्याकडं बघतात, पण त्याच्या छातीकडं नाही; तो पायावर वजन कसं घेऊन उभा आहे, तिकडं. बराच वेळ. त्या वेळात त्यांच्या डोळ्यांपुढून अण्णा गेला असेल आणि तो खांदा उतरलेला पोरगाही गेला असेल.

‘‘जोड न्हाई.’’

‘‘अहो वस्ताद, पोरगं तयार हाय की.’’

‘‘त्याचा ढाक तयार हाय. ढाक न्हाई लागला तर पुढं काय करायचं, ते अजून त्याच्यापाशी न्हाई.’’

गर्दी हूं करते. वडिलांचा हात खाली येतो. तुमच्या डोळ्यात पाणी, आणि भंडाऱ्यानं ते चुरचुरतं.

पाचवर जोड मिळते, कंधारकडचा एक पोरगा, वजनानं तुमच्याइतकाच. सलामी, मूठभर माती, खडाखडी. तुम्ही रागातच ढाक लावता आणि तो बसतच नाही. पोरानं मनगट आत ओढून घेतलंय. त्याच्या वस्तादानं तुम्हाला गेल्या वर्षी बघितलेलं असणार. पुन्हा लावता. पुन्हा अडतो. आणि मग तुमच्यापाशी काहीच उरत नाही. छाती भात्यासारखी, हातातून बळ ओघळतंय, कपाळाला कपाळ भिडलेलं, त्याचा श्वास तुमच्या तोंडात. कधी तरी अंग आपसूक खाली जातं, पट निघतो, कब्जा मिळतो, तुम्ही घिस्स्याला हात घालता. घिस्सा अर्धवट बसतो. पोरगा पालथा राहतो, चीत होत नाही. पंच थोडा वेळ बघतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवतात. अडीच रुपये तुम्हाला, अडीच त्याला.

परतीच्या ट्रकमध्ये थंडी हाडांत शिरते. वस्ताद स्वतःची घोंगडी तुमच्यावर टाकतात.

‘‘घिस्सा कोणी मारला?’’

‘‘म्या.’’

‘‘तू न्हाई. तुझ्या अंगानं मारला. आता दोन झाले.’’ मग बऱ्याच वेळानं, अहमदपूर मागं पडल्यावर, ‘‘कोल्हापूरचं पाडव्यानंतर बगू.’’

एवढंच. हो नाही, नाहीही नाही. तुम्हाला झोप लागते.

उठा. शर्ट घाला. मानेवरची माती आज निघणार नाही, राहू द्या.

मुदगडचा तो पोरगा १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाला, आणि तेही लातुरातच भरलेल्या अधिवेशनात. पुढच्याच वर्षी एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हरिश्चंद्र बिराजदारांनी सुवर्णपदक घेतलं. नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते स्वतः ओट्यावर बसले आणि पोरांचे श्वास ऐकू लागले. लातूर जिल्ह्यातले काका पवार त्यांच्याच हाताखालचे, बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारेही. बिराजदार मामा २०११ साली गेले. राहुलला पुढं काका पवारांनी सांभाळलं, आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सुवर्ण आणलं, गुरूच्या पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी.

येळवशीच्या सुमारास माळेगावची जत्रा आजही भरते, फडही भरतो. जाल तेव्हा शेवटच्या मोठ्या कुस्तीसाठी जाऊ नका, सुरुवातीलाच जा. नारळाच्या आणि शे-दोनशेच्या कुस्त्या चालू असताना हौद्याकडं पाठ करून कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडं बघा. पोराच्या मानेवर हात ठेवून कोणी ‘जोड न्हाई’ म्हणाला, तर त्याला हूं करू नका.