जात्याची टाकी आणि चिनी मातीचा दात

श्रोतेहो, आम्ही दंतवैद्य नव्हे. आमचे आयुष्य साखर कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात गेले. जे शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि माणसांच्या दुखण्यांतून. असेच एक दुखणे आजच्या विषयाचे मूळ आहे. आमच्या एका फिटर बांधवाने वरच्या दाढेवर चिनी मातीची कॅप बसवून घेतली. ती उंच लागत होती, म्हणून दवाखान्यात तिथल्या तिथे घासून दिली. काही वर्षे लोटली. कॅप जशीच्या तशी राहिली. परंतु तिच्या समोरची निरोगी दाढ झिजली आणि गार पाण्याने सणक मारू लागली. "कठीण वस्तू मऊ वस्तूला खाणारच," असे तो म्हणाला. आम्हांसही ते पटले. इतिहास मात्र निराळे सांगतो.

दातांची झीज जुनीच आहे. आपल्या जिल्ह्यातील नेवाशास 1954 ते 1956 या काळात डॉ. सांकलियांनी उत्खनन केले. तिथल्या सातवाहनकालीन थरांत दगडी जाती मिळाली. दगडाची कच पिठात, पिठातून भाकरीत आणि भाकरीतून दातांवर, असा हा प्रवास शतकानुशतके चालला. आता घरातील वडीलधाऱ्या बायकांस विचारा: जाते गुळगुळीत झाले की दळत नाही, टाकी लावली की दळू लागते. दगड तोच, काठिण्यही तेच. बदलतो तो खरखरीतपणा. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

चिनी मातीचे दात युरोपात जन्मले. 1774 च्या सुमारास फ्रान्समधील औषधविक्रेता द्यूशातो हस्तिदंती कवळीच्या दुर्गंधीला कंटाळला आणि त्याने चिनी मातीची कवळी करविली. द्युब्वा द शेमाँ या दंतवैद्याने ती सुधारली आणि 1791 मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट मिळविले. 1808 मध्ये पॅरिसमध्ये फोंझीने सुटे दात केले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चार्ल्स लँडची चिनी मातीची टोपी प्रचारात आली, आणि 1962 च्या पेटंटांनंतर धातूवर चिनी माती भाजून बसविण्याची रीत रूढ झाली. आता झिर्कोनिया आले आहे.

आमच्या फिटरचा न्याय खरा असता, तर झिर्कोनियाने समोरच्या दाताचा फडशा पाडला असता. कारण ते दंतवल्काच्या, म्हणजे एनॅमलच्या, तिपटीहून अधिक कठीण आहे. परंतु प्रयोगशाळांतील चाचण्यांत उलटेच दिसले. नीट पॉलिश केलेले झिर्कोनिया समोरचा दात जुन्या चिनी मातीपेक्षा कमी झिजविते. त्याचे कण बारीक असतात आणि आलेला गुळगुळीतपणा टिकतो. चिनी मातीवर काचेसारखी झिलई असते. ती झिजली किंवा ड्रिलने घासली गेली, की आतले खड्डे आणि धारदार कण उघडे पडतात. सुटलेले कणही दोन दातांमध्ये वाळूसारखे रगडले जातात. नैसर्गिक दाढ समोरच्या दाढेशी लागून वर्षाला सुमारे 30 मायक्रॉन झिजते. खरखरीत कॅपसमोर हा वेग वाढतो. आणि दंतवल्क घडविणाऱ्या पेशी दात उगवतानाच नष्ट होतात. गेलेले दंतवल्क पुन्हा येत नाही.

म्हणजे आमच्या फिटरच्या कॅपला दवाखान्यात टाकीच लागली होती! घासणे आवश्यक होते. राहिले ते नंतरचे पॉलिश. काही मिनिटांचे ते काम. पण ते केले काय, न केले काय, त्या दिवशी रोग्याला कळत नाही. आणि जे काम दिसत नाही, त्याचाच वेळ आणि त्याचीच मजुरी प्रथम कापली जाते, हे आम्ही कारखान्यातही पाहिले आहे. रात्री दात खाण्याची सवय आणि आंबट पेये झीज वाढवितात, हेही खरे.

तेव्हा मंडळी, कॅप बसविल्यावर खुर्चीतून उठण्यापूर्वी एवढेच विचारा: "घासलेत, पण पॉलिश केलेत का?" आमच्या फिटरने हा प्रश्न विचारला नाही, कारण तो त्याला कोणी सांगितलाच नव्हता. आज तो तुम्हांस ठाऊक झाला आहे.