वाणगावच्या अलीकडची रेघ

डहाणू लोकलने बोईसर सोडलं की पुढचं स्टेशन वाणगाव. मध्ये कुठेतरी पालघर तालुका संपतो आणि डहाणू तालुका लागतो. खिडकीतून काही कळत नाही. इकडेही भातखाचरं, तिकडेही भातखाचरं, तेच ताड. पण कायद्यात मात्र तिथे एक जाड रेघ आहे. आज त्या रेघेची गोष्ट.

१९८९ मध्ये डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटच्या कोळशावरच्या वीज प्रकल्पाला मंजुरी मिळाली. डहाणूच्या नर्गिस इराणी आणि त्यांचे साथीदार कोर्टात गेले. हरले. प्रकल्प उभा राहिला, १९९५ मध्ये सुरूही झाला. पण मधल्या काळात, २० जून १९९१ ला, केंद्राची अधिसूचना निघाली होती: अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक. उद्योगांना सगळी मिळून जास्तीत जास्त ५०० एकर जागा. शिवाय तालुक्याच्या हद्दीबाहेर २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवायचा.

त्यात अजून एक अट आहे, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. विकास आराखड्यात हिरवे पट्टे, फळबागा, आदिवासी भाग नीट दाखवायचे आणि तिथला जमिनीचा वापर बदलायचा नाही. फळबागा! आपल्या डोक्यात काय असतं, जंगलात प्राणी आणि शेतात पीक, विषय संपला.

पण शेत बघा ना. पहिला मोठा पाऊस पडला की ओढ्यातले मासे उलट्या प्रवाहाने चढून खाचरात येतात, अंडी घालायला. हीच वळगण. त्यांच्या मागे बगळे येतात. बांधात मुठे असतात, उंदरांमागे धामण फिरते, ताडावर सुगरणीची घरटी लटकतात. आणि चिकूच्या वाडीत? १९८० च्या दशकात आंध्रात झालेल्या अभ्यासात दिसलं की चिकूच्या फुलांचं परागीभवन चक्क फुलकिडे करतात. त्यांचेच भाऊबंद, ज्यांच्यावर मिरचीवाला फवारे मारतो. (वाणगाव मिरचीचंच गाव, हा भाग वेगळा.)

अधिसूचना कागदावरच राहते आहे असं दिसल्यावर बिट्टू सहगल सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने नागपूरच्या नीरीला पाहणी करायला लावली आणि ३१ ऑक्टोबर १९९६ ला निकाल दिला. डिसेंबरात न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. धर्माधिकारी शेवटपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, त्या खुर्चीवर होते. प्राधिकरणाने १९९९ मध्ये वीज केंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. ती बसली २००७ मध्ये. आठ वर्षं! तोवर चिकूच्या किती बहरांवर तो धूर गेला, मोजा.

आता रेघेच्या अलीकडे या. बोईसरला अधिसूचनेच्या आधीपासूनच एमआयडीसी होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात पहिलं आलं, म्हणजे सर्वात प्रदूषित. सांडपाणी खाडीत येतं म्हणून मांगेला समाजाची संघटना हरित लवादाकडे गेली. ओढा खाली खाडीलाच मिळतो. तिथलं पाणी बिघडलं की वर चढणाऱ्या माशांनाही झळ बसू शकते, मग खाचर कितीही हिरवं दिसो.

आणि रेघेच्या पलीकडचं सगळं कायमचं वाचलं, असंही समजू नका. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवण बंदराला नाही म्हटलं होतं. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने अटी घालून हो म्हटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. माणसं बदलली, काळ बदलला, की अभ्यास बदलला? मला विचाराल तर बंदराच्या कागदांत समुद्र आणि किनाऱ्यावर जेवढी चर्चा झाली, त्याच्या पावपट तरी बांधावर आणि ओढ्यावर व्हायला हवी होती.

बोईसर, वाणगाव, वाढवण भागातून ऐकत असाल तर एक काम करा. तुमच्या खाचरात वळगण अजून चढते का? शेवटची कुठल्या साली पाहिली? आजीला विचारा आणि गावाचं नाव सांगून व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात लावतो.