गृहशिक्षण आणि सक्तीची शाळा (भारत)

मुलाला शाळेत न घालता पालकांनी घरीच शिकवणे म्हणजे गृहशिक्षण. भारतात त्याला कायद्याने स्पष्ट मान्यता दिलेली नाही आणि थेट बंदीही घातलेली नाही. त्यामुळे त्याचे कायदेशीर स्थान सक्तीच्या शिक्षणाच्या तरतुदींवरून ठरवावे लागते.

पूर्वी ही सक्ती पालकांवर असे. सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना तेथे दंड होई. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक मात्र नामंजूर झाले.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि ६ ते १४ वयोगटाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. त्यासाठी केलेला शिक्षण हक्क कायदा (२००९) १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील सक्ती मुख्यतः शासनावर आहे : मुलाचा प्रवेश, हजेरी आणि प्राथमिक शिक्षणाची पूर्तता यांची खात्री शासनाने करायची (कलम ८). पाल्याला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचेही कर्तव्य आहे (कलम १०); पण ते न पाळल्यास या कायद्यात शिक्षा नाही. कलम १८ नुसार मान्यतेविना शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत, आणि त्यानंतरही ती चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतःच्या मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकाचा त्यात उल्लेख नाही.

घरी शिकण्याचा स्पष्ट पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने फक्त बहुविकलांग व तीव्र विकलांग मुलांना दिला.

घरी शिकलेल्या मुलांना प्रमाणपत्रासाठी परीक्षेचा मार्ग खुला असतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे. महाराष्ट्रात राज्य मंडळाची दहावी ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून, मंडळाच्या अटींनुसार, खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. चौदा वर्षांच्या आत शाळेत यायचे झाल्यास कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा मुलाला हक्क आहे.