लोहाराची वाट

पन्नाशी उलटली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता मी धावू लागलो. रविवारी सकाळी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत, जंगलातून सहाएक किलोमीटर. शेवटचा चढ दमवतो.

वर काळ्या दगडात शंभराहून अधिक लेणी. कृष्णगिरीवरून कान्हेरी हे नाव पडलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथं बौद्ध भिक्खू राहू लागले. सोपारा, कल्याण ही तेव्हाची गजबजलेली बंदरं. तिथले व्यापारी, कारागीर दान द्यायचे आणि ते दगडावर ब्राह्मीत कोरलं जायचं. पुढं १००९ आणि १०२१ साली आलेले पारशीही पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेले.

या लेखांत कल्याणच्या एका सोनारानं दिलेली 'पोढी' आहे, म्हणजे पाण्याचं टाकं. आणि कल्याणच्याच एका लोहारानं काय दिलं? वाट!

हे कळलं आणि मी थबकलो. माझे अब्बा लोहार. कवी म्हणून मुशायऱ्यांत, संमेलनांत बोलावणी येऊ लागली, तेव्हा वडिलांचा 'छोटा कारखाना' होता असं मी सांगायचो. अब्बांच्या कानावर ते गेलं होतं. बोलले काहीच नाहीत. आता ते नाहीत.

अख्खं लेणं द्यायला ऐपत लागते. त्या लोहारानं चालणाऱ्यांसाठी वाट दिली आणि आपला धंदा नावासोबत दगडावर कोरवला. लाजला नाही.

हल्ली चढावर दम लागला, की त्याची आठवण येते. कुणी विचारलंच तर सांगतो, मी लोहाराचा मुलगा.