सुशीचा सिरका आणि कोकणी मुसलमान

हरिहरेश्वरच्या घरगुती खाणावळीत जेवायचे तर किती पाने हवीत ते आधी सांगावे लागते. समोर मेन्यूकार्ड नसते. घरात जे शिजले असेल ते येते, आणि रांधणारेच वाढतात. जपानमधल्या छोट्या सुशीच्या दुकानाचीही रीत अशीच आहे. लाकडी फळीसमोर आठ-दहा माणसे बसतात, पलीकडे उभा असलेला आचारी एकेक घास हाताने वळून पुढे ठेवतो. याला ते 'ओमाकासे' म्हणतात, म्हणजे 'तुमच्यावर सोपवले'.

आज श्रीमंती थाटाचा झालेला हा पदार्थ मुळात मासे टिकवण्याची युक्ती होता. आपण सुकट-बोंबील मीठ आणि उन्हावर टिकवतो. जपानात बिवा सरोवराकाठी खारवलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने आंबवत आणि भात टाकून देत. पुढे आंबवण्याऐवजी भातातच सिरका घालू लागले. १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेली सुशी रूढ झाली. तिचे श्रेय हानाया योहेई याला देतात. तेव्हा ती हातगाडीवर उभ्याने खायची वस्तू होती. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोचे आचारी गावोगाव पांगले. १९४७ मध्ये अन्नटंचाईमुळे सरकारने हॉटेलांवर बंदी घातली, तेव्हा सुशीवाल्यांनी तोड काढली. गिऱ्हाइकाने मापभर तांदूळ आणायचे, त्याबदल्यात दहा घास घेऊन जायचे. दुकाने तगली ती अशी.

आता आपला प्रश्न. माशाला जबिहा लागत नाही, म्हणून सुशी हलालच, असे अनेकांना वाटते. खरा प्रश्न भाताचा आहे. १८०४ पासून हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन याने साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून स्वस्त सिरका बनवला आणि एदोच्या सुशीवाल्यांनी तो उचलला. मद्य आपोआप आंबून सिरका झाले तर तो सर्वांनाच मान्य आहे. मात्र काही मिसळून मुद्दाम केलेला सिरका शाफई फकीह नापाक मानतात, हनफी जायज ठरवतात.

श्रीवर्धन-बाणकोट पट्ट्यातले कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापाराचा तो वारसा. देशावरचे मुसलमान बहुधा हनफी. त्यामुळे गंमत अशी होते, की समुद्रातल्या जीवांबाबत शाफई मोकळे आणि हनफी कडक. माकूळ, शिंपल्या आमच्या ताटात सहज येतात, हनफी उलेमांत कोळंबीवरही वाद आहे. सिरक्याबाबत नेमके उलट. एकाच फळीसमोर दोघे बसले तर एकाने माकूळ सोडावा, दुसऱ्याने भात!

म्हणून 'सुशी हलाल की हराम' असा एका शब्दाचा फतवा मागण्यात अर्थ नाही. सिरका कशाचा, सॉसमध्ये साके किंवा मिरिन आहे का, हे विचारावे. समोर आचारी उभा असतो, तेव्हा हे विचारणे सोपे जाते. हरिहरेश्वर १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात होते, आणि तिथला देव पेशव्यांचा कुलदैवत. एकमेकांचे काय चालते, काय चालत नाही, हे विचारून वागायची सवय या किनाऱ्याला नवी नाही. विचारल्याने यजमानाचा अपमान होत नाही. न विचारता ताट बाजूला सारण्याने होतो.