एका पोटकलमाची हकीकत

दिवाळीच्या सुटीत घरी आलेल्या नातीने फराळ करता करता मला विचारले, "आजोबा, वकिलीत सर्वांत आधी काय शिकायचे? बोलायला ना?" ती यंदाच छत्रपती संभाजीनगरला कायद्याच्या पहिल्या वर्षात गेली आहे. मी म्हटले, "नाही ग, वाचायला." तिला ते पटेना. तेव्हा मी तिला त्याच शहरातल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची हकीकत सांगितली.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्याला वरच्या न्यायासाठी हैदराबाद गाठावे लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि उच्च न्यायालय मुंबईचे झाले. नांदेड-परभणीच्या शेतकऱ्याने अपील करायचे म्हणजे छोट्या गाडीने मनमाड, तेथे गाडी बदलून मुंबई, आणि मुंबईत उतरण्याची पंचाईत! विदर्भाला निदान नागपूर होते. मराठवाड्याला जवळ काहीच नव्हते.

यावर तोड निघाली ती राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या ५१ व्या कलमातून. त्याची पोटकलमे तीन. पहिले म्हणते, उच्च न्यायालयाचे मुख्य स्थान राष्ट्रपती ठरवतील. दुसरे म्हणते, कायमचे खंडपीठ हवे असेल तर राज्यपाल व मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करून राष्ट्रपतींनी आदेश काढावा. तिसऱ्याचा आशय असा, की पहिल्या दोहोंत काहीही असले तरी, राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती नेमतील त्या अन्य ठिकाणीही न्यायमूर्तींना बसता येईल.

१९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी याच आधारावर नागपूर व राजकोट ही ठिकाणे नेमली होती. पुढे २७ ऑगस्ट १९८१ पासून मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी औरंगाबाद नेमले. लागलीच आव्हान आले. 'नवे राज्य' हा १९५६ च्या कायद्यातला शब्द. महाराष्ट्र तर १९६० साली दुसऱ्या कायद्याने झाला, मग तो अधिकार उरला कोठे? डिसेंबर १९८१ मध्ये उच्च न्यायालयानेच तो आदेश रद्द ठरवला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे १९८२ मध्ये निकाल फिरला. १९६० च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमात नागपूरसंबंधीचे ४१ वे कलम आहे. त्याचा आरंभच मुळी जुन्या ५१ व्या कलमाला बाधा न आणता, असा आहे. म्हणजे जुने कलम जिवंत होते. शिवाय कायमचे खंडपीठ स्थापणे हा एक अधिकार आणि न्यायमूर्तींची बैठक अन्यत्र भरवणे हा दुसरा. हा दुसरा अधिकार मुख्य न्यायमूर्तींचा होता. पुढे २७ ऑगस्ट १९८४ पासून राष्ट्रपतींच्या आदेशाने औरंगाबादचे खंडपीठ कायमचे झाले.

मी नातीला म्हटले, "पाहा, एका 'ही' या अक्षरावर केवढ्या मुलखाची सोय अवलंबून होती! म्हणून आधी घटना तारखांप्रमाणे मांड. मग वादाचा नेमका प्रश्न एका वाक्यात लिही. कलमाचा शब्दन्‌शब्द वाच, आणि त्याच्या शेजारचे व नंतरचे कायदेही वाच. शेवटी निकाल काय लागला आणि तो कशामुळे लागला, या दोन गोष्टी वेगळ्या टिपून ठेव. कारण पुढच्या खटल्याला उपयोगी पडते ते कारण. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून न्यायमूर्ती बसू लागले, तेही याच तिसऱ्या पोटकलमाने."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आजोबा, आधी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चुकले होते का?"

प्रश्न ऐकून मला बरे वाटले. "ते मी सांगणार नाही," मी म्हटले. "दोन्ही निवाडे वाच, आणि पाडव्याला तूच मला सांग."